काकांच्या मांडीचा फोटो

हाडांच्या डॉक्टरांनी काकांची मांडी दाबून पाहिली, हात धुतले आणि म्हणाले, "एमआरआय काढू या. गाठीचा फोटो स्पष्ट यायला हवा, म्हणून शिरेतून थोडं औषध सोडावं लागेल. काँट्रास्ट म्हणतात त्याला."

दुसरा कुणी पेशंट असता तर त्याने फार तर "दुखेल का हो?" एवढं विचारलं असतं. पण काका फोटोग्राफर होते. चौकात घड्याळाच्या दुकानावर, अंधारा जिना चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ. आसपासच्या घरांत भिंतीवर जेवढे म्हणून आजी-आजोबा टांगलेले होते, ते बहुतेक काकांनीच टिपलेले. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे: फोटो बिघडला तर चूक काढणाऱ्याची, समोर बसलेल्याची नव्हे. माणूस काळा असो, गोरा असो, टकलावर उजेड चमकत असो, त्याला आहे तसा बसवायचा आणि प्रकाश आपण सांभाळायचा. काका गिऱ्हाइकाला साधी पावडरसुद्धा लावू देत नसत. आणि इथे हे गृहस्थ सरळ सुईची भाषा करत होते.

"म्हणजे," काका म्हणाले, "तुमच्याच्याने प्रकाश जमत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला टोचणार?"

"काका, हा तसला फोटो नसतो. यात प्रकाश नाहीच. चुंबक असतं."

"प्रकाश नाही!" काका काकूंकडे वळले. "ऐकलंस? प्रकाश नाही म्हणतायत आणि फोटो काढायला निघालेत!"

डॉक्टरांची अडचण अशी होती, की त्यांच्या शाळेच्या परीक्षेचा फोटो काकांनीच काढला होता, आणि तो काढताना "मान सरळ ठेव, गाढवा" असंही ऐकवलं होतं. माणूस पुढे कितीही शिकला तरी ज्याने एकदा गाढव म्हटलं त्याच्यापुढे आवाज चढत नाही. डॉक्टरांनी विषय बदलला.

"इथे कधी मार लागला होता का?"

"नाही," काका म्हणाले.

"अहो, पडला होतात ना स्टुलावरून!" काकू म्हणाल्या. "मागचा पडदा बदलताना."

"पडलो नव्हतो. उतरलो होतो."

"ट्रायपॉडच्या पेटीवर?"

"पाय टेकायला जागा तिथेच होती. हे बघा डॉक्टर, शाळाच्या शाळा मी स्टुलावर उभं राहून टिपल्यात. असा माणूस पडत नसतो. लिहा, मार नाही."

डॉक्टरांनी लिहिलं, मार नाही.

गाठ होती उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वर, आत खोल. लिंबाएवढी. काका खुर्चीत तिरके बसू लागले तेव्हा काकूंच्या ते लक्षात आलं, आणि जिना चढताना मधेच थांबून भिंतीवरचं काहीतरी निरखू लागले तेव्हा खात्रीच पटली, कारण त्या भिंतीवर निरखण्यासारखं काही नव्हतं. "गाठ" हा शब्द कानावर पडल्यापासून काकूंनी धसका घेतला होता. काकांनीही घेतला असणार. पण काकांच्या पोटातलं काहीही वर यायला लागलं की बाहेर पडेपर्यंत त्याचा संताप झालेला असे. लग्नानंतर काही वर्षांत काकूंना हे कळलं होतं आणि त्यांनी ते हवामानासारखं मान्य करून टाकलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. आधी साधा एमआरआय काढायचा, औषध लागलंच तर बघू. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. काका लढाई जिंकल्याच्या थाटात लंगडत बाहेर पडले.

आता घरात दुखणं आलं आणि सल्ला आला नाही, असं कधी झालंय का? काकूंच्या धाकट्या भावाचा पाठीच्या मणक्याचा एमआरआय झालेला होता. एकदाच झालेला होता, पण तेवढ्यावर तो ओळखीपाळखीच्या सगळ्यांचा एमआरआय-सल्लागार होऊन बसला होता. तो त्याच संध्याकाळी हजर झाला.

"भाऊजी, घाबरायचं काही कारण नाही. आत घालतात, धाडधाड आवाज होतो, बाहेर काढतात. मला तर झोप लागली होती."

"तुला उभ्या उभ्या झोप लागते," काका म्हणाले.

"पण औषधाला नाही म्हणालात ते मात्र चुकलं हं. आता सगळं विथ काँट्रास्टच काढतात."

"मला काँट्रास्ट शिकवतोस? तुझ्या बारशा—" काका थबकले, कारण तो फोटो जरा हलला होता. "तुझा पाळण्यातला फोटो कुणी काढला?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई वाटी परत करायच्या निमित्ताने वर आल्या. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की ते औषध एकदा अंगात गेलं की हाडांत जाऊन बसतं आणि जन्मभर उठत नाही. "माझ्या नणंदेच्या जाऊबाईंना दिलं होतं. अजून त्यांना उन्हात गेलं की कसंतरी होतं." मेहुणा म्हणाला, भरपूर पाणी प्यायलं की सगळं धुऊन निघतं. बाई म्हणाल्या, मूत्रपिंडं धड असतील तर. मग त्या दोघांनी काकांच्या मूत्रपिंडांवर सविस्तर चर्चा केली. मूत्रपिंडांचे मालक समोर बसले होते, पण त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

एमआरआय सेंटर एका इमारतीच्या तळघरात होतं. गारठा असा, की टेबलामागच्या बाईंनी स्वेटरवर शाल घेतली होती. काकांनी चिठ्ठी पुढे केली.

"तुम्ही विथचे का विदाउटचे?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

उभ्या जन्मात काकांना असं कुणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "त्यात लिहिलंय ना. आधी साधा. लागलं तर औषध."

"'लागलं तर' असं कॉम्प्युटरमध्ये नाही. विथ किंवा विदाउट."

"बरं, विदाउट. मग लागलं तर?"

"तर आधी सांगायला हवं होतं."

"लागणार आहे की नाही ते आधी कसं कळणार?"

"फोटो काढल्यावर कळतं."

"मग फोटो काढा!"

"काढते ना. विथ का विदाउट?"

काका एखादं तत्त्वज्ञान ऐकल्यासारखे बघत राहिले. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "ओ, ठरवा की लवकर." काकूंनी पुढे होऊन "विदाउट" म्हणून टाकलं. नाहीतर काका अजून तिथेच उभे असते.

पुढचा मुक्काम म्हणजे कपडे बदलण्याची खोली. तिथे त्यांना एक झगा मिळाला. तो पुढून बंद आणि मागून उघडा होता. ज्या माणसाने गळ्यापर्यंत बटणं लावल्याशिवाय कुणाचा फोटो काढला नाही, त्याला स्वतःच्या फोटोसाठी हा पोशाख! काका भिंतीला पाठ लावून खेकड्याच्या चालीने यंत्राच्या खोलीपर्यंत पोचले. दारात टेक्निशियन हातात धातू शोधण्याची दांडी घेऊन उभा होता. त्याने ती काकांच्या अंगावरून फिरवली. मुठीत लपवून आणलेलं भिंग सापडलं. ("यंत्राची लेन्स बघायची होती," काका म्हणाले. यंत्राला लेन्स नाही हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी दया उमटली, ती त्या यंत्राने आयुष्यात पाहिली नसेल.) मग गळ्यातली साखळी निघाली. तरी दांडी काकांच्या जबड्यापाशी गेली की ओरडे.

"तोंडात काही आहे का, काका?"

काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"कवळी आहे," काकू दारातून म्हणाल्या. "खालची. तार आहे तिला."

ही गोष्ट सगळ्या वस्तीला माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि तळघरात मोठ्याने पुकारली जाणं वेगळं. काकांनी पाठ फिरवून कवळी काढली. पाठ फिरवल्यामुळे झग्याची मागची बाजू सगळ्यांसमोर आली. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. काकूंनी कवळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि छताकडे पाहिलं.

काकांना पाठीवर झोपवून पायांकडून बोगद्यात सरकवलं. डोकं तोंडाशीच राहिलं. मांडीवर एक जाडजूड पट्टा बांधला, कानांवर आवाज दाबणारे हेडफोन चढवले, आणि तो पोरगेला टेक्निशियन काकांना म्हणाला, "हलू नका हं."

हलू नका! काकांना! हे दोन शब्द काकांनी तान्ह्या बाळांना, नवऱ्या मुलींना, पोलिसांना, एकदा तर एका बैलाला सुनावले होते. त्यांच्या घशातून "शुमी मना शांगता?" असं काहीतरी बाहेर पडलं. दातांशिवाय संताप व्यक्त करणं फार कठीण असतं, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांनाच ते कळेल.

यंत्र सुरू झालं. धाडधाड, मग खडखड, मग कुणीतरी पत्र्यावर खिळे ठोकतंय असं. काका निश्चल पडले होते. पण पडल्या पडल्या त्यांच्या मनात एक शंका शिरली. पट्टा जरा डावीकडे बांधलाय. गाठ चौकटीच्या मध्यावर नाही. या पोराने नेम न धरताच बटण दाबलंय. काकांनी शंका दाबून पाहिली. ती दबेना. आणि मग ज्याने दुसऱ्याला हलू दिलं नाही अशा त्या माणसाने मान उचलली, कंबर सरकवली आणि मांडी मध्यावर आणून ठेवली.

"काका, हललात," भिंतीतून आवाज आला. "सगळं पुसट आलंय. परत करावं लागेल."

ही बातमी बाहेर काकूंपर्यंत पोचली तेव्हा त्या आधी हसल्या. मग त्यांनी ठरवलं, की हे कुणालाही सांगायचं नाही. मेहुण्याला तर नाहीच. त्या दिवशी त्यांनी काकांवर केलेला हा सगळ्यात मोठा उपकार होता.

काकांनी पुन्हा कपडे घातले, कवळी बसवली, तेव्हा फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. वयाने लहान, आवाज शांत. पडद्यावर मांडीचे काप दिसत होते, आणि एका कापात एक फिकट गोल डाग.

"ही गाठ. आता असं आहे, की आत नुसतं साकळलेलं रक्त असेल किंवा वाढणारं मांस असेल, तर अशा साध्या फोटोत दोन्ही जवळपास सारखीच दिसू शकतात. मला फरक सांगता येत नाहीये. औषध दिलं की ते रक्तातून फिरतं. गाठीत जिवंत, वाढणारं काही असेल तर ते औषध शोषून घेतं आणि फोटोत उजळतं. नुसतं साकळलेलं असेल तर औषध आत पोचतच नाही. मग नंतरच्या फोटोत ते काळं दिसतं."

"म्हणजे उजळलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर मग तुकडा काढून तपासावं लागेल. आणि ते कसलं निघतं त्यावर पुढचं."

"पुढचं म्हणजे?"

"आत्ताच तिथे जायला नको. आधी बघू तर."

काकूंनी काकांकडे पाहिलं. आता ते म्हणणार, की हे आधी सांगायला काय झालं होतं, दुकान मांडून बसलात, एका फोटोचे दोन फोटो करता. पण काकांनी त्या फिकट डागाकडे बघत मान हलवली आणि विचारलं, "कधी येऊ?"

काकूंना खरी भीती वाटली ती तेव्हा.

लगेच येता येणार नव्हतं. कारण औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, म्हणून आधी रक्ताची तपासणी. ती घरासमोरच्या प्रयोगशाळेतून करून नेली, तर शालवाल्या बाई म्हणाल्या, आमच्याच प्रयोगशाळेची हवी. त्यांची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. तिथला माणूस म्हणाला, खालून निरोप आल्याशिवाय रक्त घेत नाही. खाली गेलं तर म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये तुम्ही विदाउट आहात, विदाउटला रक्त लागत नाही, निरोप कसा पाठवू? आधी विदाउटचे विथ व्हा. विथ व्हायला डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणा. नव्या चिठ्ठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं, तर ते परगावी.

आता खरं म्हणजे इथे काकांनी त्या तळघराचं छप्पर उडवायला हवं होतं. मांडीचा फोटो काढायला मूत्रपिंडाची परवानगी, मूत्रपिंडाला चिठ्ठीची परवानगी, आणि चिठ्ठी परगावी! कुणाही भल्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जावी. पण काका भडकले नाहीत. "बरं," म्हणाले, आणि जिना चढू लागले. तेव्हा त्यांच्या वाटणीचं आपणच भडकून घेऊ. हा काय कारभार आहे? एका इमारतीतला खालचा मजला वरच्या मजल्याशी बोलत नाही, आणि निरोप्याचं काम करायचं कुणी, तर लंगड्या पेशंटने? ज्याची मांडी दुखते त्यालाच जिने चढायला लावतात आणि वर भिंतीवर लिहितात, "रुग्णसेवा हेच आमचं ध्येय". असो. आपलं रक्त आटवून उपयोग नाही, तेही इथल्याच प्रयोगशाळेत आटवावं लागेल.

चिठ्ठी आली, रक्त गेलं, मूत्रपिंडांनी परवानगी दिली. तोवर घरात एक विचित्र शांतता नांदू लागली होती. काका वेळेवर जेवत, ताट स्वतः उचलून ठेवत. शिकवणीवाल्या बाईंनी आपल्या मुलांचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. त्यात एका मुलाला डोकं नव्हतं आणि बाईंच्या कानातून खिडकी उगवली होती. काका म्हणाले, "छान आहे." बाईंना इतका धक्का बसला, की त्या वाटी न ठेवताच खाली गेल्या.

मग काका काकूंना स्टुडिओत घेऊन गेले आणि कुठल्या कपाटात कुठल्या निगेटिव्ह आहेत ते समजावून सांगू लागले. "कुणी मागायला आलं तर पंचाईत नको."

"कुणी मागायला आलं तर तुम्ही द्याल," काकू म्हणाल्या.

"हो, तेही आहेच."

काकू त्या रात्री भावाला फोनवर म्हणाल्या, "अरे, ते ओरडत नाहीत रे." भाऊ म्हणाला, "मग बरंच आहे की." काकूंनी फोन आपटला. आयुष्यभर त्या आवाजावर ज्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, त्यांना आता घरातली शांतता खायला उठत होती. हे भावाला कळणं शक्य नव्हतं. त्याला उभ्या उभ्या झोप लागत असे.

तरी भावाने बहिणीची अवस्था ओळखली आणि दुसऱ्या खेपेला तोही बरोबर आला. येताना त्याने काकांना पाण्याच्या बाटल्याच्या बाटल्या पाजल्या, औषध धुऊन निघावं म्हणून. औषध अजून दिलंच नव्हतं, पण धुण्याची तयारी जय्यत होती. तळघरातल्या बाकावर तिघं बसले. काकूंनी भावाला कोपर मारलं. ठरल्याप्रमाणे तो म्हणाला, "भाऊजी, खरं सांगू? आता मोबाईलवर स्टुडिओपेक्षा चांगले फोटो निघतात."

मागे एकदा याच वाक्यावर काकांनी त्याला घराबाहेर काढलेलं होतं. प्रत्यक्षात काढलेलं होतं, चपलांसकट.

"निघत असतील," काका म्हणाले.

काकू म्हणाल्या, "इथला दिवा बघा कसला लावलाय. सगळ्यांची तोंडं हिरवी दिसतायत."

"हं."

"बोला की काहीतरी!"

"काय बोलू?" काकांनी विचारलं, आणि ते त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं, की काकूंना पर्समध्ये काहीतरी शोधावं लागलं.

आत डॉक्टरीणबाईंनी सुई लावण्यापूर्वी कागद पुढे ओढला. "आधीच्या चिठ्ठीवर 'मार नाही' असं आहे. एकदा परत विचारते. या पायाला कधी काही लागलं होतं?"

काकूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी काका बोलले.

"पडलो होतो," ते म्हणाले. "स्टुलावरून. पेटीच्या कोपऱ्यावर आपटलो. पाय काळानिळा झाला होता, मी कुणाला दाखवला नाही."

काकूंना आनंद व्हायला हवा होता. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा पडला होता. पण त्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

औषध एका लहान नळीत होतं. पाण्यासारखं, स्वच्छ. ज्या औषधावरून एवढं रामायण घडलं, त्याला रंगच नव्हता. "हा कसला काँट्रास्ट? पाणी विकता का?" एवढं तरी यावर निघायलाच हवं होतं. काकांनी नळी पाहिली आणि हात पुढे केला.

आत मात्र मेहुण्याच्या पाण्याने आपला हिशेब मागायला सुरुवात केली. यंत्र ठोकत होतं, शिरेतून गार काहीतरी दंडाकडे चढत होतं, आणि तिकडे ओटीपोटात पूर आला होता. काकांच्या हातात एक रबरी फुगा दिला होता, अडचण आली तर दाबायचा. तो दाबला तर फोटो पुन्हा पहिल्यापासून. काकांनी फुगा दाबला नाही. कवळीविना जबडे एकमेकांवर घट्ट आवळून, डोळे मिटून, ते असे निपचित पडून राहिले, की टेक्निशियनने मधेच भिंतीतून विचारलं, "काका, ठीक आहात ना?" काकांनी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर हललं असतं.

बाहेर काढल्याबरोबर ते मागून उघड्या झग्याची पर्वा न करता धावले. लंगडत का होईना, पण धावले. शालवाल्या बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

कपडे करून, कवळी बसवून, ते काकूंशेजारी येऊन बसले. मग नुसती वाट पाहायची होती. काकूंनी त्यांचा हात धरला. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं, आणि काकांनीही तो सोडवून घेतला नाही. मेहुणासुद्धा झोपला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडून आत बोलावलं. पडद्यावर दोन काप शेजारी शेजारी होते.

"हा औषधाआधीचा, हा नंतरचा. इथे बघा, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या उजळल्यात. म्हणजे औषध नीट पोचलंय. आणि ही गाठ. कडेला ही बारीक रेघ उजळलीय, ती नुसती साल म्हणा. आत सगळं काळं. कुठेही काही उजळलेलं नाही."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे मारामुळे आत साकळलेलं जुनं रक्त आहे. तुम्ही पडल्याचं सांगितलंत ते त्याच्याशी जुळतंय. मांस वाढल्याची काही खूण मला दिसत नाही. हाडांचे डॉक्टर ते सुईने काढायचं का नुसतं बघत राहायचं ते ठरवतील. खबरदारी म्हणून काही महिन्यांनी एक फोटो परत काढू."

काका पुढे वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ नाक नेलं. त्या काळ्या गोलाकडे ते बघत राहिले. एवढा काळा, एवढा निखळ काळा त्यांना कधी साधला नव्हता. हळूहळू त्यांचे कान लाल व्हायला लागले. काकूंनी ते पाहिलं आणि श्वास रोखून धरला.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

"ते? ते गुडघ्याचं हाड."

"ते कळतंय मला! अर्धं कापलंय! चौकटीत अर्धा गुडघा आणि वर एवढी मोकळी जागा कशाला सोडलीय, पत्ता लिहायला? आणि गाठ अजून डावीकडेच! मी त्या दिवशीच सांगत होतो त्या पोराला, पट्टा तिरका बांधलायस म्हणून, दात नव्हते म्हणून ऐकलं नाही कुणी! आणि परत काढायचा म्हणता? परत? एका मांडीचे किती फोटो काढाल? आख्ख्या शाळेचा ग्रुप मी एका फोटोत बसवायचो! आणि ते औषध, ते पाणी, त्याला काँट्रास्ट म्हणता तुम्ही? अरे, काँट्रास्ट म्हणजे काय ते—"

मेहुणा दारातून "भाऊजी, भाऊजी" करत आत आला आणि "तू बाहेर हो, मोबाईलवाल्या!" ऐकून तसाच बाहेर गेला. शालवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. टेक्निशियन काचेमागे लपला होता.

आणि काकू रडत होत्या. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तोंडाला पदर लावून ओक्साबोक्शी रडत होती.

डॉक्टरीणबाई घाबरल्या. त्या उठून काकूंजवळ आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, रडताय कशाला? खरंच काळजीचं काही नाही. मी थांबवू का त्यांना?"

"नको, नको," काकू हुंदक्यांतून म्हणाल्या, "ओरडू दे हो त्यांना."